अप्पारावांचं वजन

सोमेश्वरचं विमान पडलं. जमिनीवरून जमिनीवरच, उभ्या जागी पडलं. पण असं काही झालंच नाही, हे गावाने ठरवलं आहे. आपणही तसंच धरून चालू.

तर विमान धडधाकट होतं. ॲल्युमिनियमचे पाइप आणि कापड जोडून सोमेश्वरने ते चुलत्यांच्या, म्हणजे अप्पारावांच्या शेडमध्ये उभं केलं होतं. गाव हसलं, अप्पाराव हसले नाहीत. त्यांनी शेडमधला कापूस काढून ताडपत्रीखाली ठेवला. इंजिन भंगारातल्या जपानी गाडीचं, रोटरी जातीचं. जोरात गोड चालायचं, हळू केलं की हीव भरल्यासारखं थडथडायचं. उपाय सोपा: इंजिनाच्या आतल्या फ्लायव्हील नावाच्या चाकाला पोलादाची जड कडी बसवायची. इंजिनाच्या दोन धक्क्यांमधली फट त्या वजनाने भरून निघते. कडी एमआयडीसीतल्या पोलादाच्या मिलमध्ये मिळाली असती, आणि मिलवाले अप्पारावांच्या ओळखीचे.

पण एवढं दिलेल्या माणसाकडे आणखी मागायला सोमेश्वरची जीभ रेटेना. तो नुसतं म्हणाला, "काका, विमानाला जरा वजन कमी पडून राह्यलंय. तुमच्याकडून झालं तर..."

"येड्या, मंग आधी बोलायचं न्हाई का! आपलं वजन हाय कशासाठी?"

रविवारी शेडपुढे मांडव पडला. माजी सभापती, पतसंस्थेचे चेअरमन, दोन ठेकेदार, तालुक्यातली सगळी वजनदार माणसं आली. अप्पाराव माइकवर म्हणाले, "पोरानं तोंडानं मागितलं. माझं सगळं वजन मी त्याच्यामागं लावलंय." टाळ्या पडल्या. "कडी, काका, पोलादाची कडी," असं म्हणायची हीच वेळ होती. सोमेश्वरने मान खाली घालून हार घालून घेतला.

इंजिन सुरू झालं. हळू करताच विमान थडथडलं, शेजारच्या खुर्च्या थडथडल्या, कोणीतरी फिसकन हसलं.

"काय झालं रे सोम्या?"

"चाकाला वजन पाहिजे, काका!"

अप्पारावांनी विमानाखालच्या चाकांकडे पाहिलं. "एवढंच ना? चेअरमनसाहेब, या. सभापती, तुम्ही बी बसा. शेपटीकडून, बराबर!"

सोमेश्वरने इंजिन बंद केलं, तोवर ठेकेदारांसकट चौघे बसले होते. विमान मधोमध मोडलं, तेही इतक्या अदबीने की चेअरमनांच्या हातातला चहा सांडला नाही.

तेव्हापासून अप्पाराव आले की पारावरचं बोलणं थांबतं, पावसापाण्याचं सुरू होतं. भांडण मिटवायलाही त्यांना आता कोणी बोलवत नाही. परवा ते शेडमध्ये आले आणि हळूच म्हणाले, "सोम्या, खरं सांग. माझंच वजन कमी पडलं का रे?"

"न्हाई काका, जास्त झालं," सोमेश्वर म्हणाला. त्याला वाटलं, विनोद झाला. अप्पाराव हसले नाहीत. कडीचं तेव्हाही त्याच्या तोंडून निघालं नाही.

मग जालन्याला जाऊन त्याने वजनमापे निरीक्षकांकडे अर्ज दिला: 'जिल्ह्यात वजन हा शब्द यापुढे फक्त किलोतच वापरण्याचे आदेश व्हावेत. तसेच माझे चुलते श्री. अप्पाराव यांचे वजन अर्जदाराच्या न बोलण्यामुळे घटले असून, त्याची फेरतपासणी करून, शिक्का मारून, ते पूर्ववत करून मिळावे, ही नम्र विनंती.'