गच्च भरलेला ग्लास

मी एक जुना रंधा आहे, मित्रांनो. सुताराचा नव्हे, बर्फ किसायचा. सागवानी फळी आणि मधोमध पोलादी पातं, एवढाच माझा पसारा. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात नागव्वाच्या गोळ्याच्या गाडीवर माझी ऐट बघावी! बर्फाची लादी माझ्यावर घासली, की खाली भुसभुशीत किस पडतो. नागव्वा तो गच्च दाबते, काडी खोचते आणि वर रंग ओतते. तिच्या हातचा गोळा कधी ढासळला नाही. थंडी पडली, की मात्र मी गोणपाटात विसरला जातो.

यंदा थंडीतच मला बोलावणं आलं. नागव्वाच्या लेकीला, काव्याला, शाळेत हिमाचा प्रयोग करायचा होता. सोलापुरात हिम कुठून येणार? म्हणून माझा किस. भुसभुशीत हिमात हवाच फार. ग्लासभर हिम वितळलं, तरी पाणी अर्ध्याच्या आतच राहतं. काव्याने ग्लासाच्या मध्यावर रेघ मारली आणि भर वर्गात सांगितलं, “पाणी या रेघंच्या वर येनार न्हाय.” प्रयोग जमला, तर ती जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार होती.

प्रयोगाच्या दिवशी मला आणि लादीला घेऊन वर्गात आलेल्या नागव्वाने किस पाडला. काव्या फळ्यावर आकृती काढायला वळली, आणि इकडे नागव्वाच्या हाताची सवय जागी झाली. तिने ग्लासातला किस अंगठ्याने दाबला, पुन्हा भरला, पुन्हा दाबला. अगं, दाबू नकोस! मी आतल्या आत ओरडलो. पण लाकडाचं कोण ऐकतं?

“तुझ्यासाटी लई दाबून भरलंय, बग की,” ती लेकीच्या कानात म्हणाली.

काव्याचा चेहरा उतरला. पुन्हा किसावा, तर लादी संपलेली. ग्लास उन्हात ठेवला. पाणी चढत गेलं, रेघ बुडाली. मुलं खुसखुसली.

“काव्या, कुठं चुकलं?” राजशेखर सरांनी विचारलं.

दारात नागव्वा कौतुकाने उभी होती. गारठ्याने तिची बोटं लालबुंद झाली होती. काव्याने त्या बोटांकडे पाहिलं.

“रेघ चुकली, सर,” ती म्हणाली. “माजीच.”

प्रदर्शनाला दुसरंच कुणी गेलं.

घरी आल्यावर काव्याने मला फडक्याने स्वच्छ पुसलं. मग पात्यावर एक थेंब पडला, तो तिला दिसला नाही. तिथं आता गंजाचा ठिपका आहे. मित्रांनो, काम झालं, की आमची पाती कोरडी करून ठेवत जा. आणि पुसणाऱ्याच्या डोळ्यांकडेही एकदा बघत जा.