दाराला न विचारता

मित्रांनो, मी एक जुना कोड आहे, जेमतेम दोनशे ओळींचा. सामानाच्या लिफ्टवर जी लोखंडी पेटी असते, तिच्यात एक छोटा संगणक असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात मी राहतो. माझ्या एका बाजूला मोटर, ब्रेक आणि दार. दुसऱ्या बाजूला त्यांच्यावर हुकूम सोडणारे बाकीचे प्रोग्राम. कोणालाही मोटर हलवायची तर माझ्याकडेच यावं लागे.

मला घडवणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे 'हेडबाई' म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांनी मला तीनच कामं नेमून दिली: वर ने, खाली ने, थांबव. मोटरच्या चिपमधल्या सत्तावीस खणांपैकी कुठे कुठला आकडा लिहायचा, ती भानगड मी पोटात ठेवायची. आणि हलण्याआधी दाराला विचारायचं, 'लागलंस का?' दार हो म्हणेपर्यंत ढिम्म राहायचं. तीन महिने त्या माझी एकेक ओळ खोडून पुन्हा लिहीत होत्या. "कोणाला एखाद्या ओळीचा अर्थ विचारायला माझ्याकडे यावं लागलं, तर मी नापास," असं म्हणायच्या.

नऊ वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. लिफ्टची देखभाल करणारा मेकॅनिक कधीमधी ऑफिसात यायचा. "बाई, तुमची लिफ्ट भारी हट्टी हो! दार लागल्याशिवाय जागची हलत नाही."

"म्हणून तर तुम्ही बिनघोर आत वाकता," बाई हसायच्या. त्यांच्या टेबलावरच्या चाचणीच्या पेटीतही मीच होतो, म्हणून हे बोलणं माझ्या कानावर पडे. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग एक नवा इंजिनियर आला. कामाचा झपाटा असा, की त्याचं नाव पडलं 'रॉकेट'. एका गिऱ्हाइकाला लिफ्ट आणखी चटकन सुटायला हवी होती. रॉकेटने मला वळसा घालून थेट मोटरच्या खणात आकडा लिहिला. दार तीन सेकंदांत लागतंच, मग विचारायचं कशाला? तीन सेकंद मोजायचे आणि सुटायचं. चारच ओळी होत्या.

"हे चालणार नाही," बाई म्हणाल्या.

"परवा गिऱ्हाईक येतंय, बाई," साहेब म्हणाले. "तेवढ्यापुरतं राहू द्या. मग काढून टाकू."

बाई एक दिवस अडून बसल्या. दुसऱ्या दिवशी थकल्या. त्या चार ओळींवर 'तात्पुरतं' असं लिहून त्यांनी मंजुरी दिली. ते काढायला कोणालाही सवड झाली नाही.

दोन वर्षांनी एका गोदामात मेकॅनिक दाराची खाच साफ करत होता. दार उघडं, एक पाय आत, एक बाहेर. वरच्या मजल्यावरून कोणीतरी बटण दाबलं. मोटर सुरू झाली. मला कोणी विचारलंच नाही.

त्याचा जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी झाली. रॉकेट तोवर मोठ्या पगारावर दुसरीकडे गेला होता. साहेबांनी सांगितलं, "मोटरचं सगळं बाईच बघायच्या." माझ्या पहिल्या ओळीत बाईंचंच नाव होतं.

एका दुपारी मेकॅनिक कुबड्या घेऊन आला. "बाई, तुमच्या भरवशावर पाय ठेवला होता मी."

बाईंना बरंच काही सांगता आलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंजुरी माझीच आहे."

तो वळला. जिना उतरताना कुबड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्याच आठवड्यात बाईंनी नोकरी सोडली.

पुढे माझ्यावरून त्यांचं नाव पुसलं गेलं. त्या चार ओळी मात्र अजून आहेत. दुरुस्ती म्हणून तीन सेकंदांचे चार केलेत.

मित्रांनो, तुम्ही मोठेपणी यंत्रं बनवाल. माझ्यासारख्याला ओलांडायचंच असेल, तर आधी मला उघडउघड पुसून टाका. नाहीतर मी आहे या भरवशावर माणसं आत पाय ठेवतात, आणि मी तिथे नसतोच.