आंबलेली गव्हाण

हरेशच्या बारशाच्या वर्षी त्याच्या बापाने, चिंधूने, मला शिवणीच्या खोडातून कोरले. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी गव्हाण आहे. दिघाशीला चिंधूच्या पडवीत माझे आयुष्य गेले. किती शेळ्या माझ्यात जेवल्या, किती करडे जेवली! चाळीस वर्षे माझ्या अंगाला पाल्याचा वास होता. आता जो वास येतो तो सांगतानाही मला किळस येते. तरी सांगते.

मागच्या पौषात धनगरांचा कळप गावावरून गेला. आई मेलेले एक कोकरू ते मागे ठेवून गेले. चिंधूच्या बायकोने, बायजाबाईने, त्याला शेळीच्या दुधावर जगवले. कपाळावर केसांचा झुबका, म्हणून नाव तुरा. वैशाखात अंबाडीला जनावरांचे प्रदर्शन होते. तिथे तुऱ्याला उभे करायचे, हा एकच ध्यास तिने घेतला होता.

तिची रीत ठरलेली. सकाळी आधी माझ्यात नाक घालून वास घ्यायची. कालचे उरलेले झाडून टाकायची. मग शेवरीचा पाला, वाळले गवत आणि वर एक मूठ मक्याचा भरडा. तो वाढवायचा तर आठ दिवसांनी, चिमटीने. तुऱ्याची पाठ हळूहळू भरत गेली. शेजारणी म्हणत, "बायजाबाय, पोराला बी एवढा जपला न्हाय तू!"

प्रदर्शनाला चार दिवस राहिले आणि तिचे गुडघे धरले. शेकायला ती अकलोलीच्या गरम कुंडांवर गेली. जाताना हरेशला म्हणाली, "मूठभरच घाल. अन् मूठ माझी, तुझी न्हाय."

हरेश भिवंडीत लूमवर कामाला. त्याने शेजारच्या भूपेशचा मेंढा पाहिला आणि त्याला तुरा बारीक वाटू लागला. ड्युटीवरून येताना त्याने लग्नाच्या हॉलमधून बादली भरून आणली आणि माझ्यात ओतली. शिळा भात, भिजलेले पाव, जिलब्यांचे तुकडे, वर रश्श्याचा तवंग. शी! कोणाची चावून टाकलेली भाजीही त्यात होती.

त्याची बायको मेघाली पदर नाकाला लावून म्हणाली, "त्याला प्रदर्शनात उभा करायचाय का पंगतीत बसवायचाय?"

"चार दिसांत भरंल गं. आये बघतच राहील."

तुरा गोडाला भुलला. त्याने मला चाटूनपुसून साफ केले. हरेश रोज बादली आणी. माझ्या भेगांत भात आंबला, त्यावर माश्या घोंगावू लागल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी बायजाबाई परतली. सवयीने तिने माझ्यात नाक घातले आणि झटकन मागे झाली. कोपऱ्यात तुरा दात खात उभा होता. तोंडातून लाळ, पोट टम्म.

"काय घातलास रं ह्याच्यात?"

"भातच तर हाय, आये. ईख थोडंच हाय?"

"त्याचं पोट पाल्याचं, हरेश! मानसांचं उष्टं घातलास लेकराला?"

अंबाडीहून डॉक्टर आले. पोट दाबून म्हणाले, "एकदम इतका भात? आतून आंबलाय हा." त्यांनी औषध पाजले, सुई दिली. बायजाबाई त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. हरेश दारात उभा होता. 

नंतर त्याने मला राखेने घासले, उन्हात पालथे घातले. वास जात नाही. बायजाबाई माझ्याजवळ येत नाही.

मित्रांनो, जे तुमच्या नाकाला सोसवत नाही ते मुक्या जिवापुढे ओतू नका. त्याला काय पचते ते आधी जाणत्याला विचारून घ्या. तो पुढ्यात येईल ते खातो, कारण त्याचा तुमच्यावर विश्वास असतो.

तुरा त्याच दिवशी दुपारी मेला. तेव्हा अंबाडीला बक्षिसे वाटणे चालू होते.