वाळूची पोती उभी राहत नाहीत

“वाळूच्या पोत्यांच्या भरवशावर राहू नकोस, पोरी. ती फार शहाण्यासारखी बसतात,” माझ्या आधीची नमुना-गाडी मला म्हणाली होती. तिच्या चाचण्या संपल्या होत्या, म्हणून तिला कापायला माणसं करवती घेऊन उभी होती. भीतीने काहीतरी बरळते आहे झालं, असं मला वाटलं आणि मी लक्षच दिलं नाही.

मित्रांनो, मीसुद्धा नमुना-गाडीच, आता जुनी झालेली. बाजारात आणायची गाडी आधी हाताने घडवून बघतात, ती मी. बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्यात लाकडी ठोकळ्यांवर ठोकून ठोकून माझा पत्रा वळवला. आईबाप आणि तीन मुलं ऐसपैस बसतील, अशी मी घरगुती गाडी. माझ्यात राहिलेली चूक पुढच्या हजारो गाड्यांत उतरणार, म्हणून माझी परीक्षा कडक. कुणी ओळखू नये म्हणून नाकावर खोटी जाळी लावून मला वेल्सच्या डोंगरांत पळवायचे. मागच्या सीटवर माणसांऐवजी वाळूची पोती. मी खड्ड्यांत आदळले, वळणांवर कलंडता कलंडता राहिले, पण दारं जागची हलली नाहीत. “गुणाची गं माझी बाय!” म्हणत माझा चालक क्लिफर्ड टपावर थाप मारायचा, आणि मी फुगायचे.

सोमवारी माझ्या दारांचे साचे पक्के व्हायचे होते. आदल्या रविवारी क्लिफर्डने मला घरी नेलं. तेवढी त्याला मुभा होती, पण घरच्यांना आत बसवायची नव्हती. त्याने बायकोला, मॅव्हिसला, पुढे बसवलं आणि चार वर्षांच्या जिलीला मागे.

“क्लिफ, कुणी पाहिलं तर?”

“सांगेन, पोती बदलली म्हणून!”

दोघं हसली. मला मात्र हसू येईना. मागे काहीतरी सारखं हलत होतं. पोती कधी हलली नव्हती.

“मम्मी, मेंढ्या! केवढ्या मेंढ्या!” जिली सीटवर उभी राहिली. तोल सावरायला तिने हाताशी आलेली दाराची कडी धरली. मोठ्या माणसाला हात न उचलता दाबता यावी, म्हणून ती कडी मुद्दाम खाली बसवली होती. खाली दाबली की दार उघडे.

तेव्हा कुठे मला त्या आधीच्या नमुना-गाडीचं बोलणं कळलं. मला ओरडता येत नव्हतं. समोर उजवीकडचं वळण आलं. जिली दाराकडे झुकली, कडी खाली गेली आणि वाऱ्याचा लोट आत घुसला. हातातलं सँडविच लेकीला द्यायला मॅव्हिस त्याच वेळी मागे वळली होती. तिच्या मुठीत जिलीच्या कोटाचा पट्टा आला. एक छोटी सँडल रस्त्यावर घरंगळत गेली.

गाडी थांबली तरी मॅव्हिसची मूठ सुटेना.

“उद्या सांग त्यांना,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का? नोकरी जाईल माझी.”

“जाऊ दे. आपली लेक होती, म्हणून मी मागे वळलेली होते. दुसऱ्यांच्या गाडीत मी नसणार, क्लिफ.”

तो मागे चालत जाऊन सँडल तेवढी घेऊन आला.

सोमवारी मुख्य रचनाकार प्रोबर्टसाहेब पाइप ओढत आले. क्लिफर्ड खाली मान घालून उभा. हा गप्प राहिला तर? माझी ती कडी हजारो दारांवर बसेल, आणि प्रत्येक दाराआड कुणीतरी मेंढ्या बघायला उभं राहील. माझा पत्रा गार पडला.

“काय क्लिफर्ड, पोत्यांची काही तक्रार?” साहेबांनी विचारलं. सगळे हसले.

क्लिफर्डने खिशातून सँडल काढून माझ्या बॉनेटवर ठेवली. “पोती उभी राहत नाहीत, साहेब. माझी जिली राहिली. चालत्या गाडीत दार उघडलं.”

“घरच्यांना बसवायला कुणी सांगितलं होतं तुला?”

“कुणीच नाही.”

साहेब लालबुंद झाले. मग तरातरा मागच्या दाराशी आले, आत शिरून गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलाच्या उंचीवरून हात पुढे केला. कडी नेमकी त्यांच्या तळव्यात आली. दार उघडलं.

“साचे थांबवा,” ते म्हणाले.

कडी वर सरकली, दाबण्याऐवजी ओढायची झाली, तिला खटकाही आला. माझ्या बहिणी तशा दारांनिशी घरोघर गेल्या, लोकांच्या लाडक्या झाल्या. क्लिफर्डला मात्र चाचणीवरून काढून भांडारात बसवलं. मला कुणी कापलं नाही. नव्या माणसांना दाखवण्यासाठी त्या जुन्या कडीसकट एका शेडमध्ये ठेवलं. आता माझ्यावर धूळ बसते. त्याचं काही नाही. पण कुणाचं मूल माझ्या मागच्या सीटवर चढलं, की उभ्या जागीसुद्धा माझा जीव वरखाली होतो.

मित्रांनो, आज गाडीत बसाल तेव्हा शेजारी कुणी छोटं असेल. मोठी माणसं पुढे बोलत असतील, रस्त्याकडे बघत असतील. ते छोटं गप्प असलं, तरी ते पोतं नाही. त्याचा हात कुठे आहे, तेवढं एकदा वळून बघाल ना?