पुसू का, असं विचारणारी मी

मित्रांनो, मी एक जुनी, जेमतेम दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. मला ना रंग, ना चित्र. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली की काम करणारा जो शेल असतो, त्याच्या पदरी मी राहते. तिथली पुसण्याची मूळ आज्ञा फार निर्दयी. फाईल पुस म्हटलं की पुसते, मागमूस ठेवत नाही.

माझा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात झाला. तिथले संगणक संयोगिता सांभाळते. एकदा तिला भिंतीकडेला खडूनं फुली मारलेल्या ओतीव मालाचा ढीग दिसला. बिघडलेला माल लगेच का वितळवत नाहीत, असं तिनं भट्टीवरच्या आकाराममामांना विचारलं.

"घाई कशाला, पोरी? मागनं एखादा बरा बी निघतोय. एकदा भट्टीत गेला की गेला की!"

तेवढं ऐकून ती आत आली आणि तिनं मला लिहिलं. तेव्हापासून कुणी फाईल पुसायला सांगितली की मी आडवी येई. आधी "पुसू का?" असं विचारी आणि हो म्हटलं तरी फाईल गुपचूप ‘ढीग’ नावाच्या कप्प्यात नेऊन ठेवी. सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं!

पण ओतायच्या भागांचे नकाशे काढणारा विजयसिंह माझ्या प्रश्नाला वैतागला. "म्याडम, ही काय सारखी इचारत बसतीया? काढून टाका की हिला!" संयोगितानं माझा प्रश्न तेवढा काढला, ढीग राहू दिला. मी मुकी झाले. खरं सांगते, फार वाईट वाटलं. हळूहळू मी आहे हेच सारे विसरले.

परवा विजयसिंहला रद्द झालेल्या नकाशांचा कप्पा रिकामा करायचा होता. आपण त्याच कप्प्यात आहोत असं समजून त्यानं ‘सगळं पुस’ अशी आज्ञा दिली. प्रत्यक्षात तो मुख्य कप्प्यात होता. कारखान्याचे सगळे नकाशे, सगळ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत, पडद्यावरून नाहीशी झाली. दुसरी प्रत ठेवायची डिस्कही नेमकी दुरुस्तीला गेलेली. मी सगळं पोटाशी धरून बसले होते, पण सांगणार कशी? माझा आवाज त्यानंच बंद करायला लावला होता.

संयोगिता मलकापूरला माहेरी गेली होती. त्यानं तिला फोन लावला.

"म्याडम, सगळं नकाशं गेलं. माझी नोकरी बी गेली."

"आरं, रडतोस कशाला? ढीग बघितलास काय?"

त्यानं ढिगाचा कप्पा उघडला. एकूण एक नकाशा जसाच्या तसा!

"हाय! हाय की सगळं!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की भट्टीवरची माणसं धावत आली. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि हसत हसतच डोळे पुसू लागला. मलाही हायसं वाटलं. इतक्या दिवसांनी कुणाला तरी माझी आठवण झाली होती.

संयोगिता परत आली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "म्याडम, तिला परत बोलती करा."

मित्रांनो, कुणी आडवं येऊन विचारलं तर लगेच चिडू नका. क्षणभर थांबून आपण कुठं उभे आहोत ते बघा, एवढंच माझं मागणं आहे.

काल मी पुन्हा विचारलं, "पुसू का?" विजयसिंहनं हात आवरला, पडदा नीट वाचला आणि टाइप केलं, "न्हाय. थांब जरा."