बियाणं खाल्लं तो डाव

मुलूख हा खेळ साऱ्या रोहिणखेडात दोनच माणसांना येत होता, आणि त्यांतला एकजण सारखा हरत होता. हरणारा म्हणजे पुंजाजी. जिंकणारा बद्रुद्दीन पिंजारी. तिसऱ्या कोणाला तो खेळ यायचं कारणच नव्हतं, कारण तो या दोघांनीच जन्माला घातला होता.

महाराष्ट्र राज्य झालं, त्या वर्षीचा श्रावण. आठ दिवस झड लागलेली. पुंजाजीच्या वावरात पाय ठेवायची सोय नव्हती, आणि कापूस दमट झाल्यामुळे बद्रुद्दीनचं पिंजण खुंटीला लटकून होतं. दोघे लहानपणापासूनचे जोडीदार, पण कामाच्या दिवसांत बसायला फुरसत कुठली? आता मात्र दोघेही रिकामटेकडे. मग जुन्या मशिदीकडे जाणाऱ्या गल्लीत, बद्रुद्दीनच्या दुकानाच्या ओट्यावर, कोळशाने रेघा ओढून, तुरीचे दाणे आणि चिंचोके मांडून, एकमेकांवर यथेच्छ ओरडत त्यांनी मुलूख तयार केला. त्या आठ दिवसांत त्यांचं तीनदा बोलणं बंद झालं होतं. किती छान दिवस होते ते!

खेळ साधा होता. दोघांचं एकेक गाव. गावाला एक गढी, गढीच्या पुढे एक वावर आणि मागे एक; पुढचं शत्रूला जाळता येई, मागचं गढी पडेपर्यंत नाही. प्रत्येकाकडे सुरुवातीला वीस दाणे. आपल्या चालीला एकच काम करायचं : पेरायचं, नाही तर शिपाई उभे करायचे, नाही तर फौज हलवायची. पेरलेल्या एका दाण्याचे काही चालींनी तीन होत. तीन दाणे खर्चले की एक शिपाई, म्हणजे एक चिंचोका, उभा राही. दुसऱ्याच्या गढीत जितके शिपाई असतील त्याहून एक जरी जास्त नेला की गढी पडली, डाव खलास. फौज परमुलखात असली की दर चालीला एक दाणा खाई, आणि दाणा संपला की दर चालीला एक शिपाई उपाशी मरे. घरी असलेल्या शिपायाला मात्र काही लागत नसे. हा कायदा बद्रुद्दीनचा. ‘घरी त्याले बायको भाकर देते ना बे,’ असं त्याचं म्हणणं.

खरी गंमत पुढेच आहे. पुंजाजी डाव मांडला की आधी पाच दाणे उचलून बाजूला ठेवायचा. हे बियाणं. खेळात असा काही कायदा नव्हता. विसाच्या वीस दाण्यांचे शिपाई केले तरी कोणी अडवणार नव्हतं. पण पुंजाजीचा हातच होत नसे. राहिले पंधरा, त्यांचे शिपाई पाच. बद्रुद्दीनला ना वावराची फिकीर ना बियाण्याची. तो पहिल्याच चालीला अठरा दाण्यांचे सहा शिपाई करायचा आणि थेट गढीवर धडकायचा. सहा विरुद्ध पाच. खलास!

“अरे येड्या, ते पाच दाणे खाय ना,” बद्रुद्दीन स्वतःच शिकवायचा. “मंग मी काय करू शकतो? माही फौज तुह्या दारात उपाशी मरते.”

“बियाणं हाय ते.”

“तूर हाय ते! खेळातली!”

“असो. बियाणं खात नसतात.”

क्वचित बद्रुद्दीनला आपल्याच विजयाचा कंटाळा येई आणि तो दोन चाली उगाच रेंगाळत बसे. तेवढ्यात पुंजाजीची पहिली सुगी घरात आली, की मग त्याला देवाचाही बाप हरवू शकत नसे. दाण्याचे तीन, तिनाचे नऊ, असा तो वाढत जायचा आणि बद्रुद्दीनचे सहा शिपाई तसेच बसून राहायचे. आठ वर्षांत असं पाच वेळा झालं. त्या पाचही डावांचे दिवस पुंजाजीला पाठ आहेत.

आठव्या वर्षी, माघात, बद्रुद्दीनने दुकान बंद करायची गोष्ट काढली. त्याची बायको सरवरी वारून तीन वर्षं झाली होती. पोरगा वाहेद नांदुऱ्याला मालधक्क्यावर लागला होता, त्याला घर मिळालं होतं, सून सलीमा भली होती. दोघंही म्हाताऱ्याला ये म्हणत होते. शिवाय खोकला. चाळीस वर्षं कापसाच्या धुळीत बसलेल्या माणसाची छाती शेवटी कुठवर दम धरणार? बुलढाण्याच्या डॉक्टरने साफ सांगितलं होतं, पिंजण सोड.

“जाऊ का राहू, काई सुचून नाई राह्यलं मले,” तो म्हणाला. “इथंच जन्म गेला. तिथं मले कोण ओळखते? गुरुवारी वाहेद येऊन राह्यला विचारायले.”

पुंजाजीला ‘नको जाऊ’ म्हणायचं होतं, पण आपल्या सोयीसाठी असं म्हणावं हे त्याला बरं वाटेना.

“एक काम करू,” बद्रुद्दीन म्हणाला. “मुलूख मांडू. तू जिंकला तर राह्यतो. मी जिंकलो तर जातो.”

कोणी म्हणेल, ही काय पोरकट गोष्ट! पण आठ वर्षं ज्या ओट्यावर दोघांनी राज्यं बुडवली, तिथे त्यांना ती पोरकट वाटली नाही.

“पण खरा डाव,” पुंजाजी म्हणाला. “मुद्दाम हरला ना बद्रू, तर मी तुह्या ओट्यावर पाय नाई ठेवणार.”

“तूही नको हरू मुद्दाम.”

“मले गरज काय? मी तसाही हरतो.”

दोघे हसले, आणि हसता हसता बद्रुद्दीनला खोकला लागला. तो थांबेपर्यंत पुंजाजी दाणे मोजत बसला.

बुधवारी दुपारी डाव मांडला. पुंजाजी रात्रभर एकाच गोष्टीचा विचार करून आला होता. त्याला जिंकायचं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला खरोखर, पोटातून जिंकायचं होतं. म्हणून त्या दिवशी त्याने पाच दाणे बाजूला काढले नाहीत. बद्रुद्दीनचं लक्ष आपल्या दाण्यांत होतं, त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

पहिली चाल बद्रुद्दीनची. त्याने दोन दाणे उचलले, एक पुढच्या वावरात ठेवला, एक गढीमागच्या. पेरणी! बद्रुद्दीन पिंजाऱ्याने पेरणी केली! पुंजाजीला वाटलं, नशीब उघडलं. त्याने अठरा दाणे खर्चून सहा शिपाई उभे केले; पुढच्या चालीला बद्रुद्दीनचीच मुसंडी बद्रुद्दीनवर न्यायची होती.

बद्रुद्दीनचा चेहरा पडला. पण डाव खरा खेळायचं ठरलं होतं. त्याने उरलेल्या अठरा दाण्यांचे सहा शिपाई करून गढीत बसवले. पुंजाजी चालून गेला, पण सहाला सहा. गढी पडेना. पुंजाजीने पुढचं वावर जाळलं, पण गढीमागच्या वावरात शिरायला वाट नव्हती. दोन चालींत त्याचे दोन दाणे संपले. मग एक शिपाई मेला. मग दुसरा, मग तिसरा. तोवर गढीमागे एकाचे तीन झाले, बद्रुद्दीनने ते पुन्हा पेरले, तिनाचे नऊ झाले. पुंजाजी तीन चिंचोके घेऊन घरी परतला. घरात एक दाणा नव्हता. बियाण्याच्या जागी कोळशाची नुसती रेघ होती, आणि तिच्याकडे पाहताना आपण काहीतरी पाप केलं असं त्याला खरोखर वाटलं.

आता बद्रुद्दीनचे सहा शिपाई वेशीवर उभे. एक चाल, आणि डाव संपणार. बद्रुद्दीनने दाणा उचलला आणि पेरला.

पुंजाजीकडे पेरायला दाणा नव्हता, आणि गढीतून शिपाई हलवण्यात अर्थ नव्हता. त्याने चाल सोडली. बद्रुद्दीनने आणखी एक दाणा पेरला.

“ये ना बे आत,” पुंजाजी म्हणाला.

“येतो ना. घाई काय हाय?”

तिसऱ्यांदाही त्याने पेरलंच.

“बद्रू, आठ वर्सांत तू कधी पेरलं नाई. आजच काऊन पेरलं?”

बद्रुद्दीनने दाण्यांवरून बोट फिरवलं. “मले वाटलं, तू पेरशील. दोघं पेरत बसलो असतो तर तू जिंकला असता. खरा डावही झाला असता अन् मी राह्यलोही असतो. तू बियाणं खाशील, हे मले काय माहीत?”

पुंजाजीला काय वाटलं ते सांगायला आजही शब्द सापडत नाहीत. आनंद झाला एवढं नक्की. एवढा की त्याला समोरचं दिसेना. याला राहायचं होतं!

“हा डाव असाच राहू दे,” बद्रुद्दीन हळूच म्हणाला. “मी पेरत बसतो. डाव संपला नाई तर निकाल नाई. वाहेदले सांगू, डाव चालू हाय म्हणून.”

‘हाव’, म्हणजे हो, एवढंच म्हणायचं होतं. पुंजाजीच्या ओठावर ते आलंही. तेवढ्यात बद्रुद्दीनला उबळ आली. तो ओट्याच्या कडेला वाकला, एका हाताने खांब धरला, आणि खोकत राहिला. दुकानातला कापूस दारातून उडत त्याच्या दाढीवर येऊन बसत होता. खोकला ओसरल्यावर तो पुंजाजीकडे बघून हसला, काही झालंच नाही असं.

पुंजाजीने हात पुढे केला आणि आपले तिन्ही चिंचोके गढीतून उचलून बाहेर, उघड्या वावरात नेऊन ठेवले. गढी रिकामी.

“हे काय बे? गढी मोकळी काऊन टाकली?”

“माही चाल हाय. मी चाललो.”

“मुद्दाम हरून राह्यला तू!”

“हाव. आता ये आत.”

“मी नाई येत.”

“ये म्हणतो ना बद्रू! नांदुऱ्याले तुही छाती तरी राहीन.”

बद्रुद्दीनने त्याला तोंडभर शिव्या दिल्या. मग डोळे पुसत, एकेक करून, आपले सहाही शिपाई त्याने रिकाम्या गढीत नेले.

पुंजाजी घरी आला तेव्हा बायको तानुबाई भाकरी टाकत होती. “कोण जिंकलं?” तिने विचारलं.

“बद्रू.”

“मंग जातात ते?”

“उद्या.”

“अन् तुमी कसे हरले?”

“नेहमीसारखाच,” पुंजाजी म्हणाला.

तिने भाकर वाढली. पुंजाजीने पहिला घास तोडला आणि ताटावरच रडायला लागला, आणि तानुबाई चुलीकडे तोंड करून बसून राहिली.