नलूचा अंगठा

माझी धाकटी जाऊ नलू दुपारी झोपली की तिच्याभोवती बायका जमायच्या. गोठ्यातल्या कुजक्या कडब्याची आली नसेल एवढी शिसारी मला त्या बायकांची यायची.

नलू आष्टीकडची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. कामाला चपळ, बोलायला कमी, आणि एकच खोड, झोपेत बडबडायची. आता झोपेत बडबडणारी माणसं काय कमी असतात? माझे वडील झोपेत बैलांना हाका मारायचे. आम्ही कूस बदलायचो आणि पुन्हा झोपायचो. पण देवळीच्या या घरात आमच्या सासूबाई यशोदाबाई होत्या, आणि त्यांच्या माहेरी एक समजूत होती. झोपेत बोलणाऱ्याच्या पायाचा अंगठा धरून विचारलं, तर त्याला खोटं बोलताच येत नाही म्हणे.

पहिल्यांदा त्यांनी विचारलं ते गुळाचं. ढेप कोणी फोडली? नलू झोपेतच म्हणाली, "मीनं." सासूबाईंना कोण आनंद झाला. गूळ घरात सगळेच खात होतो, मीसुद्धा. पण अंगठा धरला होता नलूचा, म्हणून चोर नलू ठरली.

मग शेजारच्या भागाबाईची बादली हरवली. नलू पुटपुटली, "पाण्यात." बादली विहिरीतच निघाली. देवळीत हरवलेली बादली दुसरीकडे कुठे निघते, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून भागाबाईने गावभर डांगोरा पिटला. कोणाचं हरवलेलं वासरू, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाच्या सुनेला मुलगा का मुलगी, सगळे प्रश्न आमच्या माजघरात यायला लागले. दहा उत्तरं चुकली तर ती कोणाला आठवत नसत. एक जुळलं की बायका कानशिलावर बोटं मोडत.

ज्या सासूबाईंनी सुनेला दुधाची साय कधी दाखवली नव्हती, त्या आता जेवणानंतर तिला पेलाभर दूध द्यायला लागल्या. त्यात जायफळ उगाळलेलं. झोप गाढ लागावी म्हणून. पहाटे तिला सगळ्यांच्या आधी उठवून दळायला बसवायचं तेही त्यासाठीच. बिचारी दुपारी घोंगडीवर पडायची ती मेल्यासारखी. तोंड उघडं, गालावर लाळेचा ओघळ, आणि ओठाच्या कोपऱ्यात माशी. ती माशीसुद्धा कोणी हाकलू द्यायचं नाही. मी एकदा पदराने हाकलायला गेले तर सासूबाईंनी माझा हात धरला. हलवू नको म्हणाल्या, जागी होईल. समोर भागाबाई भाजलेल्या शेंगा सोलून खात होती. मी अंगणात जाऊन चूळ भरली.

उठल्यावर नलू विचारायची, "बाई, मी काय बोलली जी?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. स्वतःच्या तोंडून काय गेलं ते अख्ख्या आळीला ठाऊक, फक्त तिलाच ठाऊक नाही. ती आपला लाल झालेला अंगठा चोळत बसायची.

सासूबाईंचा एक भाऊ होता, रूपराव. बायको वारलेली, कपाळाला गंध, गळ्यात माळ, भजनात सगळ्यांच्या पुढे. बाजाराच्या दिवशी आला की आठवडा आठवडा आमच्याकडेच मुक्काम. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. मी त्याला पाणी कधी हातात दिलं नाही. तांब्या जमिनीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. का, ते माझं मला ठाऊक.

नलूला तांब्या खाली ठेवायचं कोणी शिकवलं नव्हतं. एका सकाळी ती शेण काढायला गोठ्यात गेली, आणि परत आली ती पाटी तिथेच टाकून. रूपरावने तिला मागून धरलं होतं. माझा नवरा रेल्वेत, तिकडे पुलगावला. तिचा नवरा श्रीनिवास वर्ध्याला कारकून, रविवारी घरी यायचा. तो आल्यावर तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, मामा बापाच्या ठिकाणी आहे, तुला भास झाला असेल. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी तिच्या थोबाडीत मारली.

मग मी गेले. सासूबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी सगळं सरळ सांगितलं. त्यांनी सूप थांबवलंसुद्धा नाही.

"जागेपणी बाई काय वाट्टेल ते बोलते, मीरा," त्या म्हणाल्या. "त्याचं काय धरून बसतं?"

हे वाक्य मी जसंच्या तसं नलूला जाऊन सांगितलं. ती गोवऱ्या थापत होती. तिचे हात थोडा वेळ थांबले, मग पुन्हा थापायला लागले.

पुढच्या रविवारी जेवणानंतर ती दुधाचा पेला घेऊन न्हाणीकडे गेली. मी मागच्या दाराशी भांडी घासत होते. तिने दूध मोरीत ओतलं, पेला विसळला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तो पेला घेऊन घासलेल्या भांड्यांत पालथा घातला. ती आत जाऊन घोंगडीवर आडवी झाली.

त्या दिवशी माजघर भरलं होतं. रूपराव बंगईवर झोके घेत पान लावत होता, श्रीनिवास दारात वर्तमानपत्र घेऊन. नलूचे ओठ हलायला लागले तशा सासूबाई पुढे सरल्या, अंगठा धरला आणि मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "सांगजो बेटा, आमच्या रूपरावचं काय होईन पुढं? त्याच्या मनात काय हाय?"

नलूचे डोळे मिटलेलेच होते. आवाज मात्र स्वच्छ आला.

"मामाजीनं मले गोठ्यात मागून धरलं. तोंडावर हात ठेवला. मी त्यायच्या हाताले चावली, तवा सोडलं."

रूपरावचा डावा हात पानाच्या डब्यावर होता. तो त्याने मांडीखाली घेतला. हे सगळ्यांनी पाहिलं. भागाबाईच्या तोंडातला शेंगदाणा तसाच राहिला. श्रीनिवासने वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

सासूबाईंनी अंगठा असा टाकला, जणू विंचूच हातात आला होता.

"बडबड हाय हे," त्या म्हणाल्या. "झोपेतलं बोलणं का कोठी खरं असते?"

बायकांनी माना डोलावल्या. ज्यांनी नलूच्या झोपेवर पोरींची लग्नं ठरवली होती, त्याच बायका. एकजात सगळ्यांना पटलं. इतकी लाज सोडलेली माणसं मी पुन्हा एका ठिकाणी पाहिली नाहीत.

नलूने डोळे उघडले. ती उठून बसली, पदर नीट केला, आणि सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत तेच सगळं पुन्हा सांगितलं. गोठा, हात, चावा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सासूबाई बायकांकडे वळल्या.

"पाहा," त्या म्हणाल्या, "अजून झोपेतच हाय ते."

आणि श्रीनिवासने कागदाआडून "हो" म्हटलं.

मला त्या घराचा, त्या जायफळाच्या वासाचा, माझ्या अंगावरच्या, त्यांनी दिलेल्या लुगड्याचासुद्धा वीट आला. मी पुढे गेले, सासूबाईंच्या समोर बसले आणि माझा उजवा पाय त्यांच्या मांडीशी लांब केला. एवढ्या बायकांत मोठ्या सुनेने सासूला पाय लावावा, असं देवळीत कधी झालं नसेल.

"आत्याबाई, आता माहा अंगठा धरा," मी म्हटलं. "आन् मामाजीचंच विचारा. मी जागी आहो."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग रूपरावकडे पाहिलं. तो बंगईवरून उठून जोडे शोधत होता. सासूबाईंनी आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी उठले आणि नलूला म्हटलं, चल. तिने तिचं गाठोडं बांधलं, मी माझं. श्रीनिवासने कुठे निघालात म्हणूनही विचारलं नाही.

नलूच्या माहेरी जायला वर्ध्याची मोटार धरली, खिडकीशी जागा मिळाली. गाव मागे पडलं तशी नलूला झोप लागली, किती दिवसांची साठलेली. डोकं माझ्या खांद्यावर, तोंड उघडं. माशी आली ती मी हाकलली. समोरच्या बाकावरची बाई कौतुकाने पाहायला लागली, कारण नलूचे ओठ हलत होते. मी नलूच्या पायांवर पदर ओढला आणि बाहेर पाहत बसले. ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी ऐकलं नाही.